गाडी वळखत नाई म्हन्ते

नाई, पन मी म्हन्तो, गाडीनं मानसाले वळखाचंच काऊन? गाडीचं काम काय, चालाचं. बसनारा कोन, कोन्या गावचा, कोनाचा पोरगा, हे तिले कायले पाह्यजे? बैलानं वळखलं त मी समजतो, कुत्र्यानं वळखलं त समजतो, आमच्या गावची ढोरं त सांजच्याले रानातून येतानी आपापलं घर वळखून आपापल्या गल्लीत वळतेत, त्याईले कोनी सांगा लागत नाई... पन लोखंडाची गाडी, सिंदेवाहीच्या पंपावर डिझेल पेनारी, तिनं ऐन भाऊबीजेच्या सकाळी आमच्या तोंडाकडं पाहून म्हनावं का मी तुमाले वळखत नाई? आता वळखतच नाई म्हन्ते, त काय करता?

तुमाले सांगतो, गोष्ट साधी होती. माही मोठी बहीन, सुगंधाबाई, वैनगंगेच्या पलीकडं आरमोरीच्या आंगाले देली हाय. दरसाल भाऊबीजेले मी तिच्याकडं जातो. अन् मी जाऊन पाटावर बसेपर्यंत ते बुढी पान्याच्या घोटाशिवाय तोंडात काही घेत नाई. तरनी होती तवापासून तसंच. आता तिले शुगर लागली. डाक्टरनं सांगतलं, बाई, गोळी चालू हाय, उपाशी राह्यल्या त चक्कर येऊन पडान. हे म्हन्ते, भाऊ आला का जेवतो. डाक्टरनं इचारलं, भाऊ कवा येते? त म्हन्ते, "येते नं तो. लहानपनापासूनच हळू चालते." आता अशा मानसाले काय सांगता? म्हनून त मी दरसाल पहिल्या जीपनं निंघतो, मांगच्या फळीवर लोंबकळत, डोक्यावर पिशवी, कोनाचं लेकरू मांडीवर, पन ऊन तापाच्या आंधी पाटावर हजर.

यंदा पोरगा म्हन्ते, बाबा, जीप नाई. आपली गाडी हाय.

पियुष, माहा पोरगा. चंद्रपूरले नोकरीवर हाय. त्यानं कोनाची तरी वापरलेली, पन चांगली, पांढरी गाडी घेतली, अन् दिवाळीले गावात आनली. गाडी ठेवाची कुठी? गोठ्यात. गोठा रिकामाच होता. माहा भुऱ्या बैल म्हातारा होऊन गेला, अन् चांद्या त्याच्या मांगं एकटा खात नोहोता, पावसाळा निंघाला नाई त्याच्यानं. तवापासून गोठ्यात एक गाय अन् दोन खुंटे. त्या खुंट्याजवळ गाडी उभी राह्यली, अन् तुमाले खोटं कायले सांगू, पहिल्याच पहाटे मी सवयीनं उठून तिकडं गेलो, अन् तिच्या टपावर हात ठेवला. दव पडलं होतं. थंडगार पाठ, हात फिरवला का पानी वघळे. धुकं असं उतरलं होतं का गोठ्याच्या बाहेरच्या बांध्या दिसत नोहोत्या, फक्त पिकल्या धानाचा वास येत होता, अन् मले वाटलं, आता हे मान हलवन अन् घंटी वाजन. नाई वाजली. पन उभी होती बिचारी गुमान.

मंग आलं गायगोधन. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी आमच्याकडं शेनाचं गोधन करतेत, ढोरं धुतेत, सजवतेत, खिचडी चारतेत, अन् त्याईले गोधनावरून नेतेत. आमची बुढी म्हन्ते, गोठ्यात राह्यते ते ढोर, अन् ढोरानं गोधन वलांडलंच पाह्यजे. पोरगा बिचारा आईसमोर काय बोलते? गाडीले कुंकू लागलं, हार लागला, बोनटसमोर पानावर खिचडी ठेवली, ते गाईनंच खाल्ली म्हना, अन् पियुषनं गाडी हळूच गोधनावरून नेली. गेली न बापा, एका झटक्यात. त्या दिवशी वळखत होती.

पन माह्या मनाचं समाधान होत नोहोतं. सन हाय, अन् शिंगं नाईत. मी कटोरीत गेरू कालवला, त पोरगा म्हन्ते, बाबा, रंग नोका लावू, पालिश जाईन. बरं. घुंगरं बांधतो म्हटलं, त म्हन्ते रस्त्यात तुटन. बरं. मंग जनावर सजवाचं कसं? मंग मले दिसली चाबी. खिळ्याले टांगली होती. काळं, गोल, उघडं-बोडकं डोस्कं. मी पेटीतून माहा डबा काढला. त्याच्यात भुऱ्या-चांद्याच्या शिंगाची उरलेली बेगड होती. आता बजारात मिळते ते पन्नी हाय, पन हे जुनी, खरी, पातळ पत्र्याची, हातात धरली का गार लागे. किती सालाची जपून ठेवली, कायच्यासाठी, मले बी मालूम नोहोतं. बसलो ओट्यावर, अन् शिंगाले गुंडाळतो तशी, पदर पदर करत, चाबीच्या डोस्क्याले गुंडाळली. वरतून लाल धागा. एक लहान घुंगरू. अशी चमकली का बुढी बी म्हने, नवरीवानी दिसते. पियुषनं पाह्यलं, हसला, राहू देल्लं. बापाच्या हातचं हाय, कायले काढाचं? लय चांगला पोरगा हाय तो. होता म्हना. ते सांगतो पुढं.

भाऊबीज उगवली. माही बी तयारी जंगी होती. बहिनीच्या गावात त्या दिवशी मंडई भरते, जत्राच म्हना, अख्ख्या गावाले तिनं सांगून ठेवलं होतं का माहा भाऊ यंदा गाडीनं येऊन राह्यला. मंग? पियुषनं केसाले काळं लावून देल्लं, नवा सफारी आनला तो घातला, अन् डोळ्याच्या आपरेशनच्या टायमाले भेटलेला काळा चष्मा होता तो बी चढवला. समोरच्या सीटवर बसलो. पियुषनं चाबी लावली, घुंगरू वाजलं, फिरवली... घुर्रर्रर्र. पुन्हा. घुर्रर्रर्र. इंजन घुमते, पेटत नाई. अन् समोरच्या काचेखाली एक लाल चाबीचं चित्र डोळा मिचकावून राह्यलं. पोरगं घामानं वलं. बुढी म्हने, शेन लागलं खालून, ते आवडलं नसन तिले. म्या वाकून पाह्यलं. शेन होतं, पन वाळलेलं.

तेवढ्यात आले गुणवंतराव. हे आमचे शेजारी, जनमभर बस चालवून रिटायर झाले, आता गावात कोनाचं काही बी बंद पडलं, मोटर असो, पंखा असो, नाईतर मानूस असो, हे येऊन कमरेवर हात ठेवून उभे राह्यतेत. ते म्हने, हवा धरली. धक्का मारा. माह्या बसले चाबीच नोहोती, बटन होतं, कोनी बी दाबा. मी उतराले लागलो, त पियुष म्हन्ते, "बाबा, तुमी बसा, कपडे खराब होतीन."

बसलो. आता दिवाळीचं गाव, सारी पोरं घरी आलेली, अन् कोनाले काम नाई. वीस हात लागले मांगून. तुमाले सांगतो, काय चालली गाडी! ना आवाज, ना धूर. नुसती तरंगत. मी काचेतून पाहून राह्यलो, ओट्याओट्यावर आकाशकंदील, दारादारात बाया, अन् ज्याच्या त्याच्या दारासमोरून गेलो त्यानं रामराम घातला. म्या बी हात वर केला. निंघालो म्हटलं, बहिनीकडं. मांगून आमची गाय येत होती, खिचडीच्या आशेनं. एक चक्कर झाली गावाची, दुसरी झाली, अन् गाडी येऊन थांबली आमच्याच दारात. गुणवंतराव म्हने, हवा नाई मंग.

तेवढ्यात बहिनीचा फोन. "निंघालास का रे?" म्हटलं निंघालो होतो, वापस आलो. ते म्हने बरं, ये हळूहळू, मी बसली हाव. मी बसली हाव म्हन्जे काय, उपाशी बसली हाव. मी पियुषले म्हटलं, बापा, मले जाऊ दे, मी फाट्यावरून जीपनं जातो. तो म्हन्ते, दोन मिंट बाबा. ते दोन मिंट मंग दिवसभर पुरले.

त्यानं ब्रह्मपुरीच्या सादिकले फोन लावला. हा सादिक चाब्या बनवते, गाड्याईचं वायरिंग पाह्यते, पोरगा लय हुशार, पन त्याच्या दुकानात बी सनाची गर्दी, म्हने शामको आता हूं, तवपर्यंत मी सांगतो तसं करा. अन् मले, चाचा म्हनून, एवढं समजावून सांगतलं का मास्तरनं बी कोनाले सांगतलं नसन. मी शाळेत गेलो नाई, पन समजलं मले. चाबीच्या डोस्क्यात म्हने एक दाना राह्यते, तांदळाच्या कनीएवढा. चाबी लावली का गाडी त्या दान्याले इचारते, तू माहाच नं? दाना म्हन्ते, हाव, तुहाच. मंग गाडी डिझेल सोडते. दाना बोल्ला नाई, का गाडीले आयकूच आला नाई, त ते समजते चोर आला. इंजन घुमवते, पन पेटू देत नाई. "गाडी खराब नाही चाचा," सादिक म्हने, "वो आपको पहचान नहीं रही." वळखत नाई म्हन्ते. त काय करता?

मी तिथंच बसल्या बसल्या त्या दान्याचा इचार करत राह्यलो. जनमभर धान लावलं, कापलं, मळलं, हातातून किती दाने गेले असतीन, कोन मोजते... एक बी माह्यासंग बोल्ला नाई. का बोलत असतीन अन् मलेच आयकू आलं नसन? बांधीत सांजच्याले उभं राह्यलं का सुरसुर करतेत ते लोंब्या, मले वाटे वारा हाय...

हं, त सादिक. त्यानं इचारलं, दुसरी चाबी? ते चंद्रपूरच्या खोलीवर. मंग म्हने, चाबीजवळ दुसरं लोखंड हाय काय? पियुषनं छल्ला काढला, घुंगरू काढलं. फोनवर चेहरा दिसते नं आता, त सादिकनं पाह्यलं अन् म्हने, वो चमक क्या रहा है? पियुष म्हने, कागद हाय, बाबानं सजवली. सादिक हसला, म्हने रहने दो, त्योहार है, कागजसे कुछ नहीं होता. म्या आयकलं. कागद नोहोता तो. पन एवढा जाननारा मानूस कागद म्हन्ते, त आपन मधात काऊन बोलावं?

मंग त्यानं सांगतलं, ब्याटरीचा वायर काढून ठेवा थोडा वेळ, गाडीले जरा इसरू द्या, मंग लावा. हे मले काही पटलं नाई. जे वळखत नाई, त्याले अजून इसराले लावाचं? आमच्या बुढीचा आजा असाच झाला होता, कोनालेच वळखे ना, त्याले आमी आठवन करून देत होतो का अजून इसरवत होतो? पन गुणवंतरावनं पाना आनला, वायर काढला, अन् सारे ओट्यावर चहा पेत बसले, गाडी इसराची वाट पाहत.

मी सीटवरच. ऊन आलं होतं काचेतून, कोवळं, मांडीवर. हाराच्या झेंडूचा वास. गाय बोनटवर नाक ठेवून उभी. अन् मले असं वाटलं का गाडी चाललीच हाय. फाटा गेला, सिंदेवाही गेली, नागभीडकडं जंगल दोन्ही आंगानं दाटून आलं, सागाची पानं रस्त्यावर, एक भेकर थांबून पाह्यते अन् मंग जाते, त्याले काही घाई नाई, मले बी नाई. ब्रह्मपुरीच्या बजारात पोत्यांवर पोते नव्या धानाचे. अन् मंग पूल. खाली वैनगंगा, रुंद, हळू, मधात रेतीचे पाट, एक डोंगा कुठीच न जाता उभा, अन् पलीकडच्या थडीवर माही बहीन. हिरव्या लुगड्यात, हातात ताट, ताटात दिवा. म्या हात हलवला, त ते पाहूनच नाई राह्यली माह्याकडं. पुलावरून जाते ते गाडी पाह्यते, अन् इकडं तिकडं भाऊ धुंडते. म्या म्हटलं, सुगंधे, हा पाह्य न मी! ते म्हन्ते, कोन तुमी...

घुर्रर्रर्र.

जागा झालो. वायर लावला होता, चाबी फिरवली होती, अन् लाल चित्र तसंच मिचमिच. गाडी काहीच इसरली नोहोती. ऊन मांडीवरून पायावर सरकलं होतं. मी बहिनीले फोन लावला. वाजला, वाजला, उचलला नाई. पुन्हा लावला. उचलला नाई. सकाळची गोळी घेतली असन, वरतून उपाशी, घरातले सारे मंडईत गेले असतीन, अन् ते चुलीजवळ एकटी... मी पियुषले म्हटलं, "तुही गाडी गेली खड्ड्यात. मी पायी निंघतो." जनमात त्याच्यावर आवाज चढवला नोहोता. तो गाडीच्या दाराले हात लावून उभा राह्यला, अन् त्याचे डोळे भरले होते. त्याले बी आत्याले दाखवाची होती नं गाडी.

मी दार उघडाले गेलो, त बाहेर कोनी तरी काच ठोकली.

बुढी बाई. घामाघूम. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेलं ताट. काचेतून माह्याकडं पाहून म्हन्ते, "वो साहेब, जरा सरका. वारलू कुठी हाय?"

सुगंधाबाई होती. मले, सख्ख्या भावाले, साहेब म्हनून राह्यली. जीपमधे लोकाईच्या मांड्यांवर बसून, गंगा वलांडून, फाट्यावरून पायी आली होती, म्हातारी, उपाशी. फोन पिशवीत, अन् पिशवीतल्या फोनचं तिले आयकू येत नाई.

मी म्हटलं, "सुगंधे, मीच वारलू."

तिनं वाकून पाह्यलं. मंग हात आत घालून माहा काळा चष्मा काढला. काळ्या केसाले बोट लावलं, बोट पाह्यलं. अन् म्हने, "बापा, एवढं सजवून गुंडाळून ठेवल्यावर कोन वळखन तुले?"

सारे हसले. मी बी हसलो. अन् हसता हसता मंग माहं हसनं हळूहळू थांबलं... मी तसा हळू मानूस हाय. इचार माह्या डोस्क्यात बैलबंडीनं येते. पन येते. म्हटलं, पियुष, चाबी दे जरा. त्यानं देल्ली. कोनाचंच ध्यान नोहोतं, बुढी नंदेले चहा देत होती अन् नंद पेत नोहोती. म्या धागा सोडला, बेगड उकलली, मुठीत चुरगळली, मूठ सफारीच्या खिशात. अन् चाबी वापस. "आता पाह्य," म्हटलं.

एका झटक्यात उठली.

तुमाले सांगतो, काय गोंधळ झाला. गुणवंतराव म्हने, वायर काढला म्हनून. बुढी म्हने, नंदेचा पाय लागला म्हनून. फोनवर सादिक म्हने, मैंने बोला था ना. पियुष आत्याच्या पायाच पडला. मी गुमान. सारे एवढे खूश, कायले मधात बोलाचं?

बहीन म्हने, इथं नाई वोवाळत, भाऊबीज बहिनीच्याच घरी, चला. मांगच्या सीटवर बसली, ताट मांडीवर, अन् खरंच बापा, तोच रस्ता, तेच साग, तेच पोते, तोच पूल. पियुषनं पुलावर गाडी हळू केली. खाली पानी सोन्यावानी झालं होतं. मांगं पाह्यलं त सुगंधाबाई खिडकीले डोस्कं टेकवून झोपली होती, तोंड उघडं, ताटाले दोन्ही हातानं धरून. मले वाटलं, पूल संपूच नाई. पन तिच्या पोटाचा इचार केला, अन् पियुषले म्हटलं, चाल लवकर.

घरी पोहोचलो, पाट मांडला, दिवा लावला, तिनं वोवाळलं. मी ताटात वोवाळनी टाकाले खिशात हात घातला, नोट अन् सुपारी काढली, अन् सुपारीसंग ताटात पडला चमकदार गोळा, लाल धाग्यासकट.

बहिनीनं तो उचलला. दिव्याजवळ धरला. बोटानं हळूच उकलला. मले साहेब म्हननारी बाई, तिनं एका नजरेत वळखला. "हे त भुऱ्याच्या शिंगाची बेगड," म्हने. अन् डोळ्याले पदर लावला. बारशाले यावं तशी भुऱ्या घरी आला तवा पाह्याले आली होती ते. मंग तिनं बेगड ताटातच ठेवली, दिव्याजवळ, अन् पहिला घास घेतला. वडा होता. काय जेवली बुढी! पाहत राह्यलो मी. माहं पोट तिथंच भरलं.

पन पियुष जेवून नोहोता राह्यला. तो बेगडीकडं पाहून राह्यला होता. मंग उघड्या चाबीकडं. मंग माह्याकडं. मंग उठून बाहेर गेला, अन् आंगनातून त्याचा आवाज आला, सादिकभाई, कागद नोहोता तो. पत्रा होता. हाव, त्याच्यातूनच आयकू नाई येत होतं गाडीले. नाई नाई, दुसरं कोन, बाबानंच. मंग फोनमधून सादिकचं हसनं आलं, ते आत पाटापर्यंत.

त्याले बी दिवस झाले आता. गाडी गोठ्यात असली का मी पहाटे जाऊन तिच्या टपावर हात ठेवतो. एका आवाजात उठते, तब्येतीनं. वळखत असन ते मले, माहं त मन म्हन्ते वळखतेच. फक्त चाबी. चाबी कुठी ठेवते ते पियुष सांगत नाई. परवा म्हटलं, बापा, पोळा आला, जराशी चाबी दे, एक धागा तेवढा बांधतो, त तो माह्याकडं असा पाह्यते का हा बुढा कोन्या गावचा, कोनाचा पाहुना... आता पोटचं पोरगंच वळखत नाई म्हन्ते, त काय करता?